झुंजणाऱ्या रोबोचा जोर कशात असतो?

आपल्या पनवेलहून पवई फार दूर नाही. तेथील आय. आय. टी.त १९९८ साली ‘टेकफेस्ट’ हा महोत्सव सुरू झाला. त्यातील ‘रोबोवॉर्स’ तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. दोन यंत्रे एकमेकांवर धडकतात, ठिणग्या उडतात आणि एक उलथे पडते. अशा झुंजी मार्क थॉर्प यांनी १९९४ साली सॅन फ्रान्सिस्कोत भरवल्या होत्या. त्या पाहून आलेले विद्यार्थी मला हमखास विचारतात, “सर, सर्वांत ताकदीची मोटर कोणती?” पण मोटर हा पुढचा प्रश्न आहे. आधी चाकांकडे पाहू.

समजा, तुमचा रोबो दीड किलोचा आहे आणि त्याचा सर्व भार चालत्या चाकांवर आहे. रबरी चाके व लाकडी फळी यांच्यातील घर्षणांक ०.६ धरू. मग तो जास्तीत जास्त १.५ × ०.६, म्हणजे ०.९ किलोग्रॅम-भार (सुमारे ९ न्यूटन) एवढ्याच बलाने ढकलू शकेल. मोटर याहून जोरदार असली, तर चाके जागच्या जागी फिरतील, पावसाळ्यात चिखलात रुतलेल्या ट्रकसारखी!

मग समान वजनाचा प्रतिस्पर्धी हरवायचा कसा? समोर जमिनीलगत एक उतरता पत्रा लावा. तो प्रतिस्पर्ध्याखाली शिरला आणि त्याचे अर्धा किलो वजन आपल्या चाकांवर आले, तर आपल्या चाकांवर २ किलो आणि त्याच्या चाकांवर १ किलो भार राहील. आपला जोर १.२, त्याचा केवळ ०.६. मोटर न बदलता आपण दुप्पट बलवान झालो! मात्र पत्रा जमिनीवर घासू लागला, तर तो भार चाकांऐवजी पत्र्यावर जाईल. म्हणून चाके शक्य तितकी पुढे घ्या.

बांधणी सोपी आहे. प्लायवुडची बैठक, गिअर असलेल्या १२ व्होल्टच्या दोन मोटरी, दोन रबरी चाके, रिमोटचा संच आणि खाली, मध्यभागी बॅटरी. दोन चाकांचा वेग कमीजास्त केला की रोबो वळतो.

आता धोक्याची गोष्ट. मोठ्या रोबोंवर फिरती तबकडी असते. २ किलोची, १० सेंटिमीटर त्रिज्येची तबकडी मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर तिच्यातील ऊर्जा सुमारे २००० ज्यूल होते. २० किलोचा पाटा तिसऱ्या मजल्यावरून, १० मीटर उंचीवरून पडला, तर जमिनीवर आदळताना त्याच्यात जवळपास एवढीच ऊर्जा असते! फेरे दुप्पट केले तर ती चौपट होते. म्हणूनच अशा झुंजी जाड पारदर्शक भिंतींच्या आत होतात. घरी किंवा शाळेत फिरते शस्त्र लावू नका. बॅटरी मोठ्यांच्या देखरेखीखाली भारित करा. ती फुगली तर वापरू नका. रिमोटचा संदेश तुटताच रोबो थांबतो की नाही, हे चाके अधांतरी धरून तपासा.

शेवटी एक प्रयोग. प्रयोगशाळेतील स्प्रिंगकाटा रोबोच्या मागे अडकवा व काटा घट्ट धरून रोबो पुढे चालवा. चाके घसरू लागताच आकडा टिपा. मग चाकांवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चढवून पुन्हा मोजा. नवी मोटर विकत घेण्यापूर्वी हे दोन आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहून पाहा.