उंदराच्या मेंदूतली दुपार

उंदरांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत सकाळचं पहिलं काम ठरलेलं असतं. मादी अलगद हातात धरायची, ड्रॉपरने मिठाच्या पाण्याचे दोन थेंब योनिमार्गात सोडून परत ओढून घ्यायचे आणि काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. पांढऱ्या पेशीच पेशी दिसल्या, तर अजून अवकाश आहे. केंद्रक असलेल्या गोलसर पेशींचे पुंजके दिसले, तर आज प्रोएस्ट्रस. मध्यरात्रीनंतर हिची अंडी सुटणार. चार-पाच दिवसांच्या या चक्राचं सविस्तर वर्णन लाँग आणि इव्हान्स यांनी १९२२ मध्ये केलं, आणि पुढचं सगळं संशोधन या काचपट्टीच्या भरवशावर उभं राहिलं.

अंडी सुटतात ती मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतून येणाऱ्या एलएच या हार्मोनच्या लाटेमुळे. पण पियूषिकेला हुकूम कोण देतं?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्त्री आणि पुरुष हार्मोन एकमेकांचे वैरी मानले जात. नर उंदराला इस्ट्रोजेन टोचलं की त्याचे वृषण सुकतात, हा त्याचा पुरावा. शिकागोच्या कार्ल मूर आणि डोरोथी प्राइस यांनी १९३२ मध्ये हा समज मोडून काढला. इस्ट्रोजेन वृषणाच्या वाटेला जातच नाही. ते पियूषिकेला दाबतं आणि तिची चालना थांबल्यामुळे वृषण सुकतात. टेस्टोस्टेरॉनही हेच करतं. नराचे वृषण काढले की एलएच चढतं, टेस्टोस्टेरॉन दिलं की पुन्हा उतरतं.

इथवर हिशेब सरळ होता. दोनच वर्षांनी, १९३४ मध्ये, वॉल्टर होलवेग यांनी वयात न आलेल्या माद्यांना इस्ट्रोजेन दिलं, तर त्यांच्या बीजकोशात पीतपिंड, म्हणजे अंडं सुटल्यावर बनणाऱ्या ग्रंथी, तयार झाले. म्हणजे जे हार्मोन पियूषिकेला दाबतं, त्यानेच तिला उठवलं होतं!

या कोड्यातला सर्वांत सुंदर प्रयोग एव्हरेट आणि सॉयर यांचा. प्रोएस्ट्रसच्या दिवशी दुपारी दोनच्या आधी मादीला बार्बिट्युरेट देऊन गुंगीत ठेवलं, तर त्या रात्री अंडी सुटत नाहीत. तेच औषध चारनंतर दिलं, तर काही बिघडत नाही. निरोप तोवर गेलेला असतो. १९५० मध्ये त्यांनी दाखवलं, की चुकलेली वेळ तासा-दोन तासांनी भरून निघत नाही. ती येते थेट दुसऱ्या दिवशी, त्याच दुपारी. पुढे १९७५ मध्ये लेगन आणि कार्श यांनी बीजकोश काढलेल्या माद्यांमध्ये इस्ट्रोजेनची पातळी सतत चढी ठेवली. एलएचची लाट रोज दुपारी येत राहिली. इस्ट्रोजेन परवानगी देतं, मुहूर्त मात्र मेंदूतलं घड्याळ काढतं.

पियूषिकेला स्वतःचं स्त्रीपण किंवा पुरुषपण नसतं, हे हॅरिस आणि जेकबसन यांनी १९५२ मध्ये सिद्ध केलं. नराची पियूषिका मादीच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाखाली बसवली, तर मादीचं चक्र चालू राहतं. फरक आहे तो मेंदूत, आणि तो जन्माच्या आसपासच ठरतो. पाच दिवसांच्या मादी पिल्लाला टेस्टोस्टेरॉनचं एक इंजेक्शन दिलं, तर मोठेपणी तिला अंडमोचन होत नाही.

मग एकच इस्ट्रोजेन दोन उलट कामं कशी करतं? याचं उत्तर मिळायला २००५ साल उजाडलं. उंदराच्या मेंदूत किस्पेप्टिन हा एलएचला चालना देणारा रेणू बनवणाऱ्या पेशींचे दोन गट आहेत. इस्ट्रोजेन हायपोथॅलॅमसच्या आर्क्युएट भागातल्या गटाला गप्प करतं आणि पुढच्या बाजूच्या गटाला बोलतं करतं. हा पुढचा गट नरांपेक्षा माद्यांमध्ये कितीतरी मोठा असतो. हार्मोन एकच, ऐकणारे दोन.

उंदराचा नियम माणसाला जसाच्या तसा लावणं मात्र चूक ठरेल. एर्न्स्ट क्नोबिल यांनी अभ्यासलेल्या, माणसाच्या जवळच्या ऱ्हीसस माकडांमध्ये मेंदूची ठोक्यांसारखी चालना अजिबात न बदलताही लाट आली. तिथे इस्ट्रोजेन थेट पियूषिकेवर काम करतं. दाबण्याची बाजू मात्र उंदीर आणि माणूस दोघांत सारखीच आहे. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या ‘माला-एन’ या गर्भनिरोधकाच्या पाकिटात एकवीस गोळ्या हार्मोनच्या आणि सात लोहाच्या असतात. त्या एकवीस गोळ्या मुख्यतः पियूषिकेची ही लाटच रोखून धरतात.