चार कोपऱ्यांतला आवाज

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काय काय खाली येते, हे गृहिणींना सांगावयास नको. काळवंडलेल्या समया, मोडका आकाशकंदील, मुलांच्या जुन्या वह्या आणि क्वचित एखादा जड खोका. त्यात मोठ्या स्पूलवर गुंडाळलेली तपकिरी फीत असते, नाही तर बारा इंची तबकड्या. "आता हे वाजवायचे कशावर?" असे म्हणून तो खोका भंगारवाल्याच्या हवाली होतो. माझी विनंती एवढीच की, देण्यापूर्वी त्यावरची अक्षरे वाचावीत. 'क्वाड्राफोनिक', 'फोर चॅनेल', 'एस.क्यू.' किंवा 'सी.डी.-४' असे काही आढळले, तर त्या खोक्यात वाटतो त्याच्या दुप्पट आवाज आहे असे समजावे!

मी बोईसरजवळच्या बेटेगावात राहतो. उभी हयात तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांची देखभाल करण्यात गेली. निवृत्तीनंतर जुन्या फिती व तबकड्यांवरचा आवाज आजच्या घरगुती यंत्रांवर वाजेल असा करून देण्याचा नाद लागला. २०१३ साली विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली, तेव्हापासून मुंबईकडची माणसेही पिशवीत फिती घालून येऊ शकतात. येणाऱ्यांपैकी बहुतेकांना, आपल्या पिशवीत चार वाटांचा आवाज आहे याची कल्पना नसते.

कान दोन, स्पीकर चार

कान जर दोनच, तर स्पीकर चार कशाला, असे कोणीही विचारील. पण पाठीमागून कोणी हाक मारली, तर आपण मागेच वळतो ना? आवाजाची दिशा कानांना कळते. हे ओळखून १९७०च्या सुमारास अमेरिकेतील व जपानमधील कंपन्यांनी खोलीच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर ठेवून ऐकण्याची पद्धत बाजारात आणली. मात्र प्रत्येकीची चूल वेगळी. कोलंबियाची एस.क्यू., सान्सुईची क्यू.एस. आणि जे.व्ही.सी.ची सी.डी.-४. एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर नीट उलगडेना. गिऱ्हाईक कंटाळले आणि ते दशक संपता संपता हा सारा खेळ आटोपला.

आजच्या घरांत चित्रपटांसाठी पाच-सहा स्पीकरांचे संच आले आहेत. म्हणजे तेव्हा जे महाग होते, ते आज दिवाणखान्यात तयार आहे. अडचण फक्त जुना आवाज नव्या संचापर्यंत पोहोचविण्याची.

एस.क्यू. आणि क्यू.एस. तबकड्यांत चार आवाज दोनांत मिसळलेले असतात. मागच्या स्पीकरांचे आवाज लाटांचा क्रम थोडा पुढेमागे सरकवून पुढच्यांत दडविलेले असतात. आज संगणकावर ते बऱ्याच अंशी वेगळे काढता येतात. मात्र त्याआधी 'खरखर घालविण्याचा' मोह टाळावा आणि एम.पी.३ तर मुळीच करू नये. त्यात नेमका तो पुढेमागेपणा बिघडतो आणि मागचे आवाज कायमचे हरवतात. सी.डी.-४ची तऱ्हा आणखी निराळी. तिच्यात मागच्या आवाजांची ओळख पटविणारी खूण माणसाच्या कानाला न ऐकू येणाऱ्या, ३० हजार कंपनांच्या आसपासच्या लहरींवर स्वार केलेली असते. ती टिपावयास खास घडणीची सुई लागते. साध्या सुईवर वाजवून वाजवून ही खूण झिजलेली असली, तर पुढे इलाज नाही.

मागे बसलेल्या बायका

फितीची गोष्ट सोपी आणि म्हणूनच अधिक फसवी. पाव इंच रुंदीच्या फितीवर चार वाटा असतात. साध्या स्टीरिओ यंत्रात त्यांपैकी पहिली व तिसरी जाताना वाजतात, आणि फीत उलटविली की उरलेल्या दोन येताना. चौपदरी मुद्रणात मात्र चारही वाटा एकाच दिशेने भरलेल्या असतात. ती फीत साध्या यंत्रावर लावली की पुढचे दोन आवाज स्वच्छ येतात. ऐकणाऱ्यास वाटते, झाले, सगळे मिळाले!

चिंचणीकडच्या एका वहिनींची फीत अशीच होती. त्यांचे यजमान व्यापारी जहाजावर नोकरीस. १९७७ साली त्यांनी जपानहून चार वाटांचे टेपरेकॉर्डर आणले आणि घरच्या भजनाला ओटीच्या चार कोपऱ्यांत चार मायक्रोफोन लावले. पुढे यंत्र गंजले, यजमानही गेले. वहिनींनी एका दुकानातून फितीची सी.डी. करून घेतली. त्यांची तक्रार एवढीच होती : "भाऊजी, बुवा ऐकू येतात, पेटी ऐकू येते, पण आमच्या सासूबाई आणि शेजारच्या बायका कुठे गेल्या? त्या तर मोठ्याने म्हणायच्या."

बायका मागे बसल्या होत्या, म्हणून मागच्या दोन वाटांत होत्या. दुकानातल्या यंत्राने त्या वाटा वाचल्याच नव्हत्या.

चार वाटांचे यंत्र त्या वेळी माझ्यापाशी दुरुस्तीत पडले होते. तेव्हा साध्या यंत्रावरच दोन खेपा केल्या. पहिल्या खेपेस पुढचे दोन आवाज संगणकात घेतले. मग फीत उलटवून लावली. आता मागच्या दोन वाटा वाजू लागल्या, पण शेवटाकडून आरंभाकडे, शब्द उलटे! संगणकाने ते सुलटे केले. खरी कसरत पुढेच होती. यंत्राची गती दोन्ही खेपांस तंतोतंत सारखी नसते. अर्ध्या तासाच्या फितीत टाळ पुढे आणि त्याचा प्रतिध्वनी मागे असे होऊन बसते. सुदैवाने मुद्रण सुरू करताना व थांबविताना कळ दाबल्याचा 'टक्' असा आवाज चारही वाटांवर एकाच क्षणी उमटलेला होता. हे दोन 'टक्' जुळविले आणि मधल्या भागात टाळेच्या ठोक्यांवरून थोडे थोडे सांधत गेलो. आवाजाला एक मीटर जावयास सुमारे तीन सहस्रांश सेकंद लागतात, तेव्हा दूरच्या कोपऱ्यात टाळ किंचित उशिराने पोहोचणारच. तो उशीर पुसावयाचा नाही. तीच त्या ओटीची लांबी-रुंदी.

वहिनींना मधोमध खुर्चीत बसविले. अभंगाच्या दुसऱ्या ओळीला पाठीमागून बायकांनी सूर धरला आणि वहिनी गर्रकन मागे वळल्या. थोड्या वेळाने डाव्या कोपऱ्यातून एक कोवळा आवाज हळूच विचारता झाला, "चहा ठेवू का?" वहिनींनी पदर तोंडाला लावला. "अगबाई, ही मीच की!"

मोठ्यांचेही तेच

हे घरगुतीच आहे असे नाही. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या 'शोले'चे ७० मि.मी. रूप सहा वाटांच्या चुंबकीय ध्वनीसह मुंबईच्या मिनर्व्हात गाजले. नाणे खाली पडल्याच्या आवाजाने प्रेक्षक खुर्चीखाली बघत, असे सांगतात. पन्नास वर्षांत त्याची मूळ निगेटिव्ह खराब झाली आणि ७० मि.मी.ची प्रत कोठे उरली नाही. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने जपलेल्या ध्वनिसाहित्यावरून आवाज पुन्हा उभा केला, तेव्हा २०२५ साली तो आधी इटलीत बोलोन्या येथे आणि नंतर डिसेंबरात आपल्या चित्रपटगृहांत पोहोचला. एवढ्या नामवंत चित्रपटाची ही गत, तर ओटीवरच्या भजनाची काळजी कोण घेणार? आपणच.

घरी काय करावे

फीत चिकट लागत असेल तर ती वाजवून पाहू नये. जाणकार तिला बेताची ऊब देऊन तात्पुरती वाजण्याजोगी करतात. व्हिनेगरसारखा वास येत असेल, तर मात्र ऊबही घातक. आमच्या बाजूच्या पावसाळी दमट हवेत बुरशी लवकर धरते, म्हणून फीत कोरड्या जागी, उभी ठेवावी. कोणाकडे काम देताना "चारही वाटा वेगवेगळ्या द्या" असे स्पष्ट सांगावे. पहिली प्रत जशीच्या तशी, काही न 'सुधारता', वेव्ह किंवा फ्लॅक प्रकारात घ्यावी व दोन ठिकाणी ठेवावी. स्वच्छ करावयाचे ते दुसऱ्या प्रतीवर.

वाजविताना पुढचे दोन आवाज पुढच्या व मागचे दोन मागच्या स्पीकरांना द्यावेत. मधला व ठोक्याचा स्पीकर मुका राहिला तरी बिघडत नाही. आजच्या संचातले मागचे स्पीकर बाजूला व लहान असतात. ते थोडे मागे सरकवून त्यांचा आवाज वाढवावा. संच पेनड्राइव्हवरून दोनच आवाज देत असेल, तर संगणक एच.डी.एम.आय. तारेने जोडावा.

आणि हे सारे करताना घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना जवळ बसवावे. कोणती वाट कोणत्या कोपऱ्याची हे यंत्र सांगेल. त्या कोपऱ्यात कोण बसले होते, हे त्यांनाच ठाऊक असते. ती नावे त्याच दिवशी एका कागदावर लिहून खोक्यात ठेवावीत.