चौकशीचा धंदा आणि आपली पत

उधारीवर माल देण्यापूर्वी दलालाकडे गिऱ्हाइकाची चौकशी करण्याची कापड बाजारातील रीत जुनी आहे. आता चौकशी हाच स्वतंत्र धंदा झाला आहे. मुंबईत २००० साली सिबिल स्थापन झाली. आज अशा चार कंपन्या आहेत. बँका कर्जदाराच्या हप्त्यांचा तपशील त्यांना पुरवतात व नवे कर्ज देण्यापूर्वी त्यांच्याकडूनच अहवाल विकत घेतात. फेडलेले कर्ज चुकून थकीत दिसले, तर वडनेर भोलजीच्या दुकानदाराचाही अर्ज नामंजूर होऊ शकतो. दलालाचा गैरसमज समक्ष भेटून दूर होई. येथे रीतसर तक्रारच करावी लागते. तेव्हा व्यापारी बंधूंनी प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा मिळणारा मोफत अहवाल जरूर मागवावा. तक्रार ३० दिवसांत निकाली न निघाल्यास रिझर्व्ह बँकेच्या २०२४ पासूनच्या नियमानुसार दररोज १०० रुपये भरपाई मिळते.