डीपीएफ चोंदलाय की नुसता दिवा लागलाय?

डिझेल गाडीच्या डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला की गॅरेजमध्ये साधारण दोन उत्तरं मिळतात. एक, "फिल्टर गेला, नवीन टाका." दोन, "आतून पोकळ करून टाकू, कटकटच नको." पहिल्यात खिसा मोकळा होतो. दुसऱ्यात कायदा मोडतो आणि आपला धूर मागच्या दुचाकीवाल्याच्या छातीत जातो. पण या दोन्हींच्या आधी विचारायचा प्रश्न राहूनच जातो: फिल्टरमध्ये नेमकं अडकलंय काय?

आपल्याकडे एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि डिझेल कारमध्ये हा फिल्टर सर्रास आला. त्या पहिल्या गाड्या आता जुन्या होऊ लागल्यात, म्हणून हा प्रश्नही वाढत जाणार. डिझेलची काजळी हा माझ्या अभ्यासाचा विषय, तेव्हा प्रयोगशाळेत आम्ही जो विचार करतो तोच गॅरेजच्या भाषेत सांगतो.

फिल्टर करतो काय?

डीपीएफ म्हणजे सिरॅमिकचं मधाचं पोळं. त्यात हजारो बारीक नळ्या असतात आणि प्रत्येक नळी एका टोकाला बुजवलेली असते: शेजारच्या दोन नळ्यांची बुचं विरुद्ध टोकांना. त्यामुळे धुराला भिंतीतून झिरपूनच पलीकडे जावं लागतं. काजळी अलीकडे राहते, वायू निघून जातो.

साठलेली काजळी मधूनमधून जाळावी लागते. चुलीवरून उतरवलेल्या तव्याच्या बुडाला ठिणग्या चमकल्या की "तवा हसला" म्हणतात ना, तेच इथे मुद्दाम घडवून आणतात. गाडी थोडं जादा डिझेल वापरून धुराचं तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास नेते आणि काजळी जळून जाते. याला रीजनरेशन म्हणतात. साधारण १० ते २० मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ गाडी चालत राहावी लागते.

पण काजळीबरोबर आणखी एक गोष्ट साठते: राख. ती मुख्यतः इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियम, जस्त अशा घटकांपासून येते. काजळी जळते, राख जळत नाही. संपूर्ण निदान या एका फरकावर उभं आहे.

गाडीला काजळी दिसत नाही

फिल्टरमध्ये वजनकाटा नसतो. गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, काजळीचा अंदाज बांधतो. एक अंदाज इंजिन कसं चाललं यावरून, दुसरा फिल्टरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातल्या फरकावरून. हा फरक मोजणारा सेन्सर दोन बारीक होजनी फिल्टरला जोडलेला असतो. होजला चीर गेली, त्यात पाणी किंवा काजळी साठली किंवा सेन्सरच बिघडला, तर ठणठणीत फिल्टरही "चोंदलेला" दिसतो. उलटंही होतं. अर्धवट रीजनरेशनमध्ये काजळीच्या थराला भेगा पडतात, वायूला वाट मिळते आणि दाब कमी होतो. काजळी मात्र बरीचशी तिथेच असते.

प्रयोगशाळेत आम्ही फिल्टर काढून चक्क वजन करतो, तेही गरम असताना. थंड फिल्टर हवेतला ओलावा शोषतो आणि वजन चुकतं. गॅरेजमध्ये हे शक्य नाही. तिथे दाबाचे आकडे नीट वाचणं हाच मार्ग.

तपासणीचा क्रम

ओबीडी स्कॅनर लावा आणि पुढचं याच क्रमाने बघा.

१. एरर कोड. पी२४६३ म्हणजे काजळी साठल्याची तक्रार, पी२४२एफ राखेची, पी२४५३ दाबाच्या सेन्सरची. कोड ही तक्रार आहे, निकाल नाही.

२. किल्ली चालू, इंजिन बंद. धूरच वाहत नाही, तेव्हा दाबातला फरक शून्याच्या जवळ हवा. तसा नसेल तर आधी सेन्सर आणि होज बघा. फिल्टरला हात लावायची गरज नाही.

३. इंजिन गरम करून आयडलला, मग ३००० आरपीएमला. खरोखर चोंदलेल्या फिल्टरमध्ये रेस वाढेल तसा दाब चढतो आणि सोडली की उतरतो. आकडा जागचा हलत नसेल किंवा उगाच उड्या मारत असेल, तर संशय पुन्हा सेन्सरवर.

४. रीजनरेशन करून पुन्हा तेच मोजा. ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. समजा (आकडे फक्त समजण्यासाठी) आधी आयडलला २० मिलिबार आणि ३००० आरपीएमला ११० होते. नंतर ५ आणि ३० झाले, तर अडथळा काजळीचा होता आणि फिल्टर चांगला आहे. रीजनरेशन पूर्ण होऊनही १७ आणि ९५ राहिले, तर उरलं ते बहुधा राखेचं. मग फिल्टर उतरवून साफ करून घ्यावा लागेल. तो साफ होऊ शकत असेल तर नवीन घेण्याची घाई कशाला? तुमच्या मॉडेलचे योग्य आकडे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतील.

एक इशारा. काजळी फार साठली असेल तर गॅरेजमध्ये जबरदस्तीने रीजनरेशन करू नका. सगळी एकदम पेटली तर फिल्टर तडकतो. किती काजळीपर्यंत चालतं याची मर्यादा कंपनीने दिलेली असते. आणि गाडीखाली सुकं गवत, कचरा नको.

काजळी पुन्हा पुन्हा का साठते?

फिल्टर साफ झाला पण महिन्याभरात दिवा परत आला, तर दुखणं दुसरीकडे आहे. अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह, गळका इंजेक्टर, टर्बोच्या होजमधली गळती यांमुळे काजळी जास्त तयार होते. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर इंजिन पुरेसं तापत नाही आणि रीजनरेशन सुरूच होत नाही. आणि रोज कोथरूड ते डेक्कन एवढीच फेरी असेल तर सगळं ठीक असूनही रीजनरेशन अर्ध्यावर तुटतं. गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात फिरत असेल आणि तापल्याचा वास येत असेल, तर बहुधा तेच झालंय. जमलं तर आणखी १५ मिनिटं मोकळ्या रस्त्यावर चालवा.

डिपस्टिकही बघत जा. रीजनरेशनसाठी सोडलेलं डिझेल काही वेळा ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी आपोआप *वाढत* असेल तर ती चांगली बातमी नाही, लगेच बदला. आणि ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेलं, कमी राखेचंच घाला.

पोकळ केला तर काय बिघडतं?

पीयूसीत डिझेल गाडीच्या धुराची अपारदर्शकता मोजतात. हे कण इतके सूक्ष्म असतात की पोकळ फिल्टरची गाडीही त्यातून सुटू शकते. म्हणूनच बेल्जियमने २०२२ मध्ये, नेदरलँड्स आणि जर्मनीने २०२३ मध्ये तपासणीत कण *मोजायला* सुरुवात केली. दिसत नाही म्हणजे नाही, असं नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसारही गाडीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही.

जुनी डिझेल गाडी घेताना एक सोपी परीक्षा करा. इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या टोकात आतून पांढरं फडकं फिरवा. डीपीएफ शाबूत असेल तर फडकं जवळपास स्वच्छ निघतं. काळंकुट्ट निघालं तर फिल्टर फुटलाय किंवा काढलाय. मग डॅशबोर्डवर दिवा नसला तरी भाव करताना ते लक्षात ठेवा.

आणि गॅरेजवाला "फिल्टर गेला" म्हणाला तर भांडू नका. एवढंच विचारा: "रीजनरेशनच्या आधी दाब किती होता आणि नंतर किती?" हे दोन आकडे मिळेपर्यंत पैसे काढायची घाई नाही.