आकाशउडी आणि डोळ्यांतील भिंगे

विमानातून उडी घेतलेला मनुष्य हवाई छत्री उघडेपर्यंत ताशी सुमारे १९० किलोमीटर वेगाने खाली येत असतो. एवढा वारा डोळ्यांत शिरला तर काँटॅक्ट लेन्स कोरडी पडते, जागची हलते, प्रसंगी उडूनही जाते. मऊ लेन्स बुबुळाहून मोठी असून तिची कड पापणीखाली राहते, म्हणून ती बरी टिकते. लहान, कठीण लेन्स लवकर निसटते.

म्हणून अशा व्यक्तीने गॉगल निवडताना रंगरूपापेक्षा त्याच्या कडेकडे पाहावे. कडेची मऊ गादी कपाळ, गाल व नाक यांना सर्व बाजूंनी नीट टेकली पाहिजे. नाकापाशी राहिलेली बारीक फटही वाऱ्याला पुरते. भिंग पॉलिकार्बोनेटचे असावे, कारण ते आघाताने सहसा फुटत नाही. वाफ धरू नये म्हणून छिद्रे हवीत. मात्र त्यांतील झोत थेट डोळ्यांवर येता कामा नये.

छत्री उघडली तरी डोळ्यांचे काम संपत नाही. जमीन किती जवळ आली हे पाहूनच छत्रीचे दोर ओढून वेग कमी करावयाचा असतो. तेव्हा पाय टेकेपर्यंत गॉगल उतरवू नये, आणि नेहमीचा चष्मा तळावर हाताशी ठेवावा.