‘येतो’ म्हणणारी जपानी भाषा

घराबाहेर पडताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे, ही शिकवण आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कोकणीतही निरोप घेताना ‘येतां’ असेच म्हणतात. जपानी माणूस घरातून निघताना ‘इत्ते किमासु’ म्हणतो. त्याचा शब्दशः अर्थ ‘जाऊन येतो’ हाच आहे. घरातील मंडळी ‘इत्तेराश्शाइ’, म्हणजे ‘जाऊन या’, असे उत्तर देतात. इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्याला मात्र येथे ‘आय अ‍ॅम लीव्हिंग’ किंवा नुसते ‘गुडबाय’ असा अर्थ मिळतो आणि परतीचे आश्वासन वाटेतच गळून पडते.

हा केवळ भाषाप्रेमींच्या कुतूहलाचा विषय राहिलेला नाही. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात विशिष्ट कुशल कामगारांविषयी सहकार्य करार झाला. वृद्धांची शुश्रूषा हे त्यातील एक क्षेत्र. या मार्गाने जाणाऱ्यांना जपानी भाषेची प्राथमिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते आणि तयारीची बरीचशी साधने इंग्रजीत असतात. मराठी भाषकाने तो वळसा का घ्यावा?

जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, आपल्यासारखेच. प्रश्न विचारायचा तर शेवटी ‘का’ जोडायचा. ‘निहोंजिन देसु का?’ याचे शब्दाला शब्द ठेवून मराठी होते, ‘जपानी आहात का?’ ‘सामुइ देसु ने’ म्हणजे ‘थंडी आहे ना’. या दोन भाषांचे नाते नाही, साम्य निव्वळ योगायोगाचे आहे. पण विद्यार्थ्याने योगायोगाचाही लाभ घ्यावा. ‘देसु’, ‘किमासु’ यांतील शेवटचा ‘उ’ बोलताना जवळजवळ ऐकू येत नाही, एवढे ध्यानी ठेवावे.

देवनागरीचाही उपयोग होतो. ‘ओजिसान’ म्हणजे काका, ‘ओजीसान’ म्हणजे आजोबा. रोमन लिपीत हे दोन्ही शब्द पुष्कळदा सारखेच लिहिले जातात. आपला ऱ्हस्व-दीर्घ भेद तेथे नेमका कामी येतो, आणि वृद्धाश्रमात काम करणाऱ्याला तो रोज लागेल.

खरी कसोटी ‘सुमिमासेन’ या शब्दाची. गर्दीतून वाट मागताना, धक्का लागल्यावर, उपाहारगृहात वाढप्याला हाक मारताना, कोणी आसन दिले तर आभार मानताना, सर्वत्र हाच शब्द. इंग्रजीत त्याचे ‘एक्सक्यूज मी’, ‘सॉरी’ आणि ‘थँक यू’ असे तीन तुकडे होतात. मुळात तो ‘संपणे, मिटणे’ या अर्थाच्या क्रियापदाचे नकारी रूप आहे. तुम्हाला दिलेल्या तसदीने माझ्या मनाला लागलेली रुखरुख मिटत नाही, असा त्याचा भाव. ‘तसदीबद्दल क्षमस्व’ हे आपले जुने वळण त्याच्या बरेच जवळ जाते.

‘हाय’ म्हणजे ‘होय’, हेही अर्धेच खरे. संभाषणात मध्येमध्ये येणारा ‘हाय’ पुष्कळदा आपल्या ‘हं’सारखा असतो, तो ऐकत असल्याची खूण आहे, संमती नव्हे. कामाच्या ठिकाणी हा फरक महागात पडू शकतो. उलट, एखाद्या विनंतीवर ‘चोत्तो...’ एवढेच म्हणून समोरचा थांबला, तर त्या शब्दाचा अर्थ ‘थोडेसे’ असला तरी तो बहुधा नकार समजावा.

आणि ‘सायोनारा’? ‘लव्ह इन टोकियो’ या १९६६ च्या हिंदी चित्रपटाने तो आपल्या ओळखीचा केला. जपानी कुटुंबात मात्र रोज घराबाहेर पडताना तो उच्चारत नाहीत. त्यात दीर्घ विरहाची छटा आहे. तेथे ‘इत्ते किमासु’च.