तंजावरची मराठी माणसे

तंजावरच्या बृहदीश्वराला प्रदक्षिणा घालणारा मराठी यात्रेकरू प्राकाराच्या एका भिंतीपाशी अकस्मात थबकतो. चोळ राजांनी बांधलेल्या या तमिळ भूमीतील देवालयात त्याला देवनागरी अक्षरे दिसतात आणि ती वाचू लागताच मराठी भाषा ऐकू येते. भोसले कुळाचा हा वृत्तांत सरफोजी राजांनी १८०३ साली कोरवून घेतला. घरापासून दूर गेलेल्या माणसाने आपले कूळ दगडावर लिहून ठेवावे, यात अभिमान आहे, तशीच विस्मरणाची धास्तीही आहे.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास येथे राज्य स्थापिले. त्यांच्यामागे आलेली कारकून, पुराणिक, शिलेदार आणि कीर्तनकार यांची घराणी कावेरीच्या काठी स्थिरावली. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे तेलुगूत लिहीत, तसेच मराठीतही. विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ सांगलीस १८४३ मध्ये रंगभूमीवर आले; परंतु त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी शहाजीराजांनी ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठी नाटक रचले होते. सरफोजींनी सरस्वती महाल हा ग्रंथसंग्रह वाढविला आणि १८०५ च्या सुमारास देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला. त्यातून इसापनीतीच्या गोष्टी मराठीत निघाल्या. मुंबईत ‘पंचोपाख्यान’ छापले गेले ते त्यानंतर, १८२२ साली.

१८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी निवर्तले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले. दरबार गेला, म्हणजे दरबारावर पोसलेली विद्याही जावयाची. पण तसे घडले नाही. या घराण्यांत हिशेब आणि दप्तर यांची शिस्त पिढ्यान्‌पिढ्या मुरली होती. घरात मराठी, बाजारात तमिळ, गाण्यात तेलुगू आणि पाठशाळेत संस्कृत, अशा चार भाषांत वावरणाऱ्यास इंग्रजी ही पाचवी भाषा जड गेली नाही. संस्थानांना दिवाण हवे होते. ते तंजावर-कुंभकोणच्या या घराण्यांत मिळाले.

कुंभकोणम येथे १८२८ साली जन्मलेले सर टी. माधवराव हे त्यांतील अग्रणी होत. त्रावणकोरचे दिवाण असताना त्यांनी दरबाराला कर्जातून सोडविले आणि मिऱ्यांची सरकारी मक्तेदारी उठविली. पुढे इंदूर आणि मग बडोदे. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले, तेव्हा विस्कटलेला कारभार माधवरावांच्या हाती आला. आणि बाल सयाजीरावांना राज्यनीतीचे पाठही त्यांनीच दिले. मराठी माणूस दक्षिणेत गेला, तेथे दोनशे वर्षे राहिला आणि एका मराठी राजाचा गुरू होऊन परतला, असे हे विलक्षण वर्तुळ आहे. त्यांचे आप्त दिवाणबहादूर रघुनाथराव इंदूरचे दिवाण होते. शास्त्रांचेच आधार देऊन त्यांनी विधवाविवाहाचा पुरस्कार केला आणि सामाजिक परिषदेच्या कार्यात ते न्यायमूर्ती रानड्यांचे सहकारी होते. कुंभकोणमचेच व्ही. पी. माधवराव हे त्रावणकोर, म्हैसूर आणि बडोदे या तिन्ही संस्थानांचे दिवाण झाले.

या मंडळींनी मराठीचा झेंडा मिरविला नाही. ज्या भूमीचे अन्न खाल्ले, तिची भाषा त्यांनी आपली मानली, आणि तरीही चुलीपाशी मराठी राखली. ती मराठी पुण्याची नव्हे. तीत तमिळ शब्द मिसळले आहेत आणि काही घरांत तर ती तमिळ अक्षरांत लिहिली जाते. तिला अशुद्ध म्हणून हसणे सोपे आहे. परंतु राजाश्रय सुटल्यावर जी भाषा केवळ आई-मुलांच्या बोलण्यावर तगली, तिच्यापाशी पुण्या-मुंबईनेही काही शिकावे.

सरस्वती महालात आजही मोडी कागदांचे गठ्ठे आहेत. दगडावरचा लेख कोणीही उभ्या उभ्या वाचू शकतो. त्या कागदांना मात्र मोडी जाणणारा वाचक लागतो. असा वाचक निर्माण करणे हे केवळ तंजावरचे काम नव्हे. ते सगळ्या मराठी भाषकांवरचे ऋण आहे.